बाळंतपणाला झुरिकला चाललेय, मधल्या दोन दिवसांत मॅटरहॉर्न जमेल का?

चाटीगल्ली

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, वय ५९. मेच्या शेवटी लेकीच्या बाळंतपणाला झुरिकला निघालोय, मी आणि हे. तीन महिने मुक्काम आहे. बाळ जरा मोठं झालं की जुलैच्या शेवटी तुम्ही दोघं दोन दिवस फिरून या, असं लेक म्हणते. ती आणि जावई काही येऊ शकणार नाहीत.

इथल्या एका टूरवाल्याला विचारलं तर त्यानं टिटलिस नावाच्या दुसऱ्याच डोंगराचा छापील कागद पुढे केला. "सगळे तिकडेच जातात मॅडम." जाऊ देत. मला मॅटरहॉर्नच बघायचाय. साखर पेठेत आमच्या अण्णांचा सूत रंगवायचा छोटा कारखाना होता. रंगाचा व्यापारी दर दिवाळीला एका स्विस कंपनीचं कॅलेंडर द्यायचा. एका वर्षी त्यावर हा डोंगर होता, मान वाकडी करून उभा. वर्ष संपलं तरी अण्णांनी ते पान भिंतीवरून उतरवलं नाही. कढईच्या वाफेनं त्यावरचा बर्फ आधी पिवळट झाला, मग गुलाबी. हा डोंगर गुलाबीच असतो असं मी दहावीपर्यंत समजत होते.

आता अडचणी. यांचे गुडघे दुखतात, पायऱ्या नको वाटतात. मला बीपीची गोळी चालू आहे. दोघांनाही जर्मन येत नाही, रेल्वे आपली आपण बदलायची भीती वाटते. दोन दिवसांत जमेल का? आणि कुठून बघायचा?

फिरस्ता

काकू, स्पष्ट सांगतो, राग नको. युंगफ्राउयोखला जा. ३४५४ मीटरवर थेट रेल्वे जाते, १९१२ पासून. आयगर डोंगराच्या पोटातून बोगदा काढलाय, वर बर्फाचा महाल आहे, भारतीय जेवणसुद्धा मिळतं. हवा बिघडली तरी आत काहीतरी बघायला असतं. मॅटरहॉर्न म्हणजे नुसता लांबून बघायचा डोंगर, आणि तोही ढगात गेला की संपलं.

कंबरतलाव

ताई, मी पण सोलापूरचाच, विजापूर रोडचा. गेल्या सप्टेंबरात जाऊन आलोय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

फिरस्ता म्हणतात ते खोटं नाही, पण ज्याला तोच डोंगर बघायचाय त्याला दुसऱ्या डोंगराचा पत्ता सांगून काय उपयोग? हुरडा खायला निघालेल्याला इडली चांगली मिळते म्हणून सांगण्यातला प्रकार झाला.

तर आधी माझा गाढवपणा ऐका. झेरमाट म्हणजे मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं गाव. तिथं पोचलो त्या रात्रीच मोबाईलवर गोर्नरग्राटचं, म्हणजे डोंगर समोर दिसतो त्या माथ्यावर जाणाऱ्या रेल्वेचं, तिकीट काढून टाकलं. सकाळी बघतो तर खिडकीबाहेर ढग. पैसे भरलेत म्हणून तरी वर गेलो. ३०८९ मीटरवर दोन तास कुडकुडत पांढऱ्या भिंतीकडं तोंड करून बसलो. बायको म्हणाली, "एवढं धुकं हिवाळ्यात उजनीला फुकट दिसतं." तिकीट उन्हाळ्यात पूर्ण भाड्यानं जाऊन-येऊन शंभर फ्रँकच्या वर जातं, त्यामुळं हे वाक्य अजून टोचतं. म्हणून सकाळी उठून आधी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र नेटवर बघायचं, डोंगर दिसला तरच तिकीट काढायचं.

तो डोंगर एकटा सुटा उभा आहे, त्यामुळं ढगाचं त्याचं वेगळंच गणित. वारा एका अंगानं आपटतो, आडोशाच्या अंगाला हवा वर ओढली जाते, थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचा ढग होतो. तो झेंड्यासारखा शिखराला चिकटून राहतो. बाकी आभाळ निळंशार आणि नेमकं शिखरच झाकलेलं, असं होतं. दुपारी ढग जास्त, म्हणून सगळा भर सकाळवर ठेवा. लेकीकडून अर्धा दिवस अजून मागून घ्या आणि दोन रात्री राहा, म्हणजे दोन सकाळी हाताशी राहतात. मला दुसऱ्या सकाळीच दिसला.

आणि ताई, तो गुलाबी होतो. खरंच. पहाटे अंधारात गावातल्या चर्चजवळच्या पुलावर जाऊन उभं राहायचं. आधी राखाडी सुळका दिसतो. मग अगदी टोकाला नखाएवढा लालसर ठिपका येतो, आणि तो रंग बघता बघता खाली उतरत येतो. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. नंतर सोनेरी, मग पांढराफटक. त्या पुलाला तिकीट नाही, पायऱ्या चढायच्या नाहीत.

रेल्वेची भीती सोडा. झुरिकहून फिस्पला गाडी बदलायची, पुढची थेट झेरमाटला. सगळं मिळून साधारण साडेतीन तास. गावात पेट्रोल-डिझेलची वाहनं येऊ देत नाहीत, मोटारी अलीकडच्या टॅशलाच ठेवाव्या लागतात. आत विजेच्या छोट्या टॅक्स्या आहेत, सामान असेल तर ती करा.

गोर्नरग्राटची गाडी दातेरी रुळावरून चढते, १८९८ पासून चालू आहे. ३३ मिनिटं लागतात. वर जाताना उजवीकडची खिडकी धरा, डोंगर त्याच बाजूला येतो. एक स्टेशन अलीकडं रोटेनबोडेनला उतरलं की दहा मिनिटांवर रिफेलझे नावाचं तळं आहे. वारा पडलेला असला की आख्खा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. वाट उताराची आणि दगडाळ आहे, परत येताना चढ. भाऊजींना स्टेशनवर बसवून तुम्ही पटकन जाऊन या.

पासाच्या भानगडीत पडू नका. पर्यटकांसाठी हाफ फेअर कार्ड मिळतं, महिनाभर चालतं, रेल्वे आणि गोर्नरग्राट दोन्ही अर्ध्या भाड्यात. ते लेकीला काढून ठेवायला सांगा.

गोळ्याऔषधं

झेरमाट गावच १६०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याच्या जवळपास. पहिल्या दिवशी गावातच राहून दुसऱ्या सकाळी वर गेलात तर शरीराला सोपं जाईल. तिथं ३८८३ मीटरवर जाणारी केबल कारही आहे. बीपी असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या नादी लागू नका. पाणी पीत राहा, गोळी चुकवू नका.

दुसरं म्हणजे "तीन महिने" म्हणताय ते नीट मोजा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून जो एकच व्हिसा असतो त्यावर, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही त्यात धरतात. २५ मे ते २५ ऑगस्ट म्हणाल तर ९३ भरतात. आणि बाळंतिणीसाठी तूप, पेढे बांधून नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, लोणी तिकडं घेऊन कढवा.

कंबरतलाव

एक राहिलंच. ढग आलेच तर चर्चजवळच्या संग्रहालयात जा. १४ जुलै १८६५ ला सात जण पहिल्यांदा शिखरावर पोचले, एडवर्ड व्हिंपर त्यांचा म्होरक्या. उतरताना एकाचा पाय घसरला, दोर तुटला आणि चौघं खाली गेले. तो तुटलेला दोर तिथं काचेत ठेवलाय. अगदी बारीक दोर आहे हो. एवढ्याशा दोरावर माणसं ४४७८ मीटरवर कशी गेली असतील, काय की.

चाटीगल्ली

सगळ्यांचे आभार. परतीची तारीख काल रात्रीच मोजली, ९२ होत होते. जावयांना तिकीट बदलायला सांगितलंय. तूप पिशवीतून काढलं, शेंगा चटणी आणि कडक भाकरी राहू दिली.

लेकीनं दोन रात्री कबूल केल्या. १ ऑगस्टला त्यांचा राष्ट्रीय दिवस असतो म्हणे, गर्दी नको म्हणून त्याच्या आधीच उरकतोय. पुलाचं वाचून दाखवलं तर हे म्हणाले, पहाटे तू जा, मी झोपतो. चाळीस वर्षं मागावर काढलीत यांनी, पहाट नकोशी झालीय. पण दोराचं ऐकलं आणि उठून बसले. किती पदरी होता, पीळ उजवा की डावा, कुठून तुटला, सगळं मलाच विचारतायत. मी म्हटलं, कंबरतलाव यांना विचारते. भाऊ, बघितलंय का तुम्ही जवळून?