मदत हवी आहे: एल५-एस१ डिस्क (कमरेच्या मणक्यांखालची सगळ्यात शेवटची गादी), आईला परत पळता येईल का?

नमस्कार मंडळी, आईसाठी विचारतेय. वय ५४, साताऱ्यात असते, बरीच वर्षं नियमित पळते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरच्या घाटात चढ-उताराची प्रॅक्टिस चालू होती आणि पावसाळ्याच्या तोंडावर कंबर धरली. आधी वाटलं लचक भरली असेल, पण मग डाव्या कुल्ल्यापासून पोटरीतून थेट करंगळीपर्यंत कळ जायला लागली, शिंकलं-खोकलं तरी करंट बसल्यासारखं व्हायचं. एमआरआयमध्ये एल५-एस१ची डिस्क बाहेर येऊन डावीकडची नस दाबतेय असं आलं.

दुखणं आता बरंच कमी आहे, पण परवा माळ्यावरचा डबा काढायला चवड्यांवर उभी राहिली तर डावी टाच उचललीच जाईना, उजवी व्यवस्थित. लगेच दाखवलं. डॉक्टर म्हणाले नस दबल्यामुळे पोटरीची ताकद कमी झालीय, सध्या ऑपरेशन नको, पण अशक्तपणा वाढला, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा बैठकीच्या जागी बधीर वाटलं तर रात्र असो की दिवस, तडक हॉस्पिटल. (कुणाच्या घरी असं दुखणं असेल तर हे प्लीज लक्षात ठेवा.)

अडलंय ते पुढे. डॉक्टर म्हणतात पळणं कायमचं बंद. फिजिओ म्हणतात बाहेर आलेली डिस्क बऱ्याच जणांत काही महिन्यांत आपोआप आक्रसते, पोटरीत ताकद आली की सपाटीवर थोडं चालणं थोडं पळणं असं सुरू करू, घाट उतरणं अगदी शेवटी. सध्या पालथं झोपून कोपरांवर छाती उचलणं, बर्ड-डॉग (ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं), साइड प्लँक (कुशीवर कोपरावर अंग उचलून धरणं) चालू आहे, आणि सकाळी उठल्या उठल्या वाकायचं नाही कारण रात्रभर डिस्क पाणी शोषून फुगलेली असते. आईला फिजिओचं पटतं, बाबांना डॉक्टरांचं, मला दोघांचंही थोडं थोडं. पळायला लागल्यापासून ती किती खुललीय ते मी बघितलंय त्यामुळे कायमचं बंद हे ऐकवत नाही, पण पाय कायमचा अधू व्हायला नको.

इथे कुणाची अशी पोटरीची ताकद गेली होती का, परत यायला किती वेळ लागला, आणि नंतर उतारावर पळताना त्रास झाला का? एमआरआय पुन्हा काढायला सांगितला होता का? शिवाय पुणे-साताऱ्यात स्वतः धावणारे किंवा धावणाऱ्यांना नेहमी तपासणारे स्पाइनचे डॉक्टर माहीत असतील तर सांगा, सेकंड ओपिनियन घ्यायचंय. रिपोर्ट बघायचा असेल तर मेसेज करा, पाठवते.