रात्रपाळीत भस्म बुधवारचा उपवास नेमका कधी सुरू होतो?

रात्रपाळीवाली

हिंजवडीत सपोर्टचं काम, पाळी रात्री ९ ते सकाळी ६. क्लायंट अमेरिकेतला. २०२७ मध्ये भस्म बुधवार (आम्हा कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात तो) १० फेब्रुवारीला येतोय, म्हणून आत्ताच विचारून ठेवते. मंगळवारी रात्री कामावर गेल्यावर आमची जेवणाची सुट्टी १ वाजता होते. ते जेवण मंगळवारचं धरायचं की बुधवारचं? मधल्या चहाने उपवास मोडतो का? आणि टीममध्ये "उपवास आहे" म्हटलं की कोणीतरी प्रेमाने साबुदाण्याची खिचडी पुढे करतं, ती चालते का?

शिवाय या उपवासकाळात चॉकलेटऐवजी फोन सोडायचा विचार आहे. पण धर्मग्रामाचे (आमच्या चर्चच्या स्थानिक समुदायाचे) निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि ऑन-कॉलही त्याच फोनवर. इन्स्टाग्राम काढून टाकलं तर पुरे का?

उपदेश नको, हिशेब हवा.

गिरीजकर

हिशेब सोपा आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्यात दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र (कलम २०२). झोपून उठलात की नवा दिवस, असं नाही. त्यामुळे तुमचं १ वाजताचं ताट बुधवारचं. त्यात चिकन असेल तर मांसवर्ज्य तिथेच मोडलं. रात्रपाळीवाल्यांची चूक नेमकी इथेच होते: डोक्यात अजून मंगळवार असतो आणि कॅन्टीनमध्ये बिर्याणी असते.

नियम दोन आहेत आणि लोक ते एकत्र कालवतात. मांसवर्ज्य, म्हणजे भस्म बुधवारी आणि शुक्रवारी मांस न खाणं, वयाची १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, पुढे वयाची अट नाही. उपवास १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. उपवास म्हणजे दिवसात एकदा पोटभर जेवण. बाकी दोन वेळा थोडंसं, आणि ते दोन्ही मिळून एका पूर्ण जेवणाइतकं होता कामा नये. हा उपवास वर्षातून दोनच दिवस सक्तीचा, भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे. आजारी, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या बायका यांना सूट आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांचं ऐकायचं, त्यात पाप नाही.

तुमच्यासाठी मांडणी अशी: मंगळवारी रात्री ८ला घरून नीट जेवून निघा. १ वाजता मूठभर चणे आणि एक केळं. सकाळी घरी आल्यावर झोपण्याआधी एक चपाती-भाजी. पूर्ण जेवण बुधवारी संध्याकाळी ७ला, पाळीवर निघण्याआधी. मग रात्री १२ वाजून गुरुवार लागला की मोकळ्या. उलटं करून १ वाजताच पोटभर जेवलात, तर पुढचे तेवीस तास दोन चिमूटभर खाण्यांवर काढावे लागतात आणि पहाटे ४ला पित्त चढतं.

चहाने उपवास मोडत नाही. पण कम्युनियन (मिस्सा या उपासनेत मिळणारा पवित्र प्रसाद) घ्यायच्या आधी एक तास पाणी आणि औषध सोडून काहीच नको, तिथे चहा चालत नाही. मिल्कशेकला पेय म्हणणं ही पळवाट.

पाचूबंदरची

खिचडीबद्दल. हिंदूंच्या आणि आपल्या उपवासाचं व्याकरणच वेगळं आहे. त्यांच्याकडे काय खायचं याला महत्त्व: साबुदाणा, वरी, शेंगदाणा चालतो, गहू-तांदूळ नाही. आपल्याकडे धान्याला बंदी नाही, मात्र किती खायचं ते मोजायचं. म्हणून वरणभात चालतो हे ऐकून सहकाऱ्यांना गंमत वाटते. खिचडी जरूर घ्या, ती मांस नाही, पण भरली वाटी म्हणजे तुमच्या दोन छोट्या खाण्यांपैकी एक झालं. बरोबर दोन साबुदाणे वडे घेतले तर ते आता छोटं राहिलं नाही.

उपवास आहे असं सांगायची तरी गरज काय? महाराष्ट्रात कुणी एखाद्या वारी शाकाहारी खाल्लं तर कोणी वळूनही बघत नाही. शुक्रवारच्या टीम लंचला पनीर मागवा आणि विषय संपवा. भस्म बुधवारच्या मिस्सेत मत्तयच्या शुभवर्तमानाचा ६ वा अध्याय वाचतात, उपास करताना तोंड सुकवून फिरू नका, डोक्याला तेल लावा असा. कपाळावरची राख मात्र पुसायची की ठेवायची, याचा नियम कुठेच नाही. हेल्मेट घालणार असाल तर ती घामाबरोबर डोळ्यांत उतरते आणि झोंबते, एवढं लक्षात ठेवा. आणि त्या दिवशी मिस्सेला जाणं चांगलं, पण रविवारसारखं बंधनकारक नाही.

मासे, अंडी, दूध यांना बंदी नाही. पण पापलेट आज कोंबडीपेक्षा महाग आहे. मांस सोडलं म्हणून शुक्रवारी भरलं पापलेट, हे कायद्यात बसतं आणि अर्थाला सोडून जातं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या शुक्रवारी सुकट नाहीतर नुसती डाळ करतात.

गिरीजकर

पापलेटवर माझं मत थोडं वेगळं. कोळ्याच्या घरी जाळ्यात आलेला मासा म्हणजे चैन नव्हे, रोजचं अन्न आहे. हॉटेलात मागवलेला वेगळा. बाकी मान्य.

एक राहिलं: २०२७ मध्ये १९ मार्चला शुक्रवार आहे आणि संत जोसेफचा महोत्सव (चर्चचा सर्वांत वरच्या दर्जाचा सण). महोत्सव शुक्रवारी आला की मांसवर्ज्य लागू नाही (कलम १२५१). उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारी मांसाऐवजी दुसरं काय करता येतं, ते बिशप परिषद ठरवते. धर्मप्रांताचं परिपत्रक धर्मगुरूंकडे मिळेल.

सावेडीकर

मी प्रोटेस्टंट, त्यामुळे कलमं तुमची तुम्हाला. फोनचं सांगतो, कारण खरी गाडी तिथे अडते.

नुसतं अ‍ॅप काढून दोन दिवस निघतात. तिसऱ्या दिवशी बोट ब्राउझरमधून तिथेच जातं. म्हणून अ‍ॅप काढा, ब्राउझरमधून लॉगआउट करा आणि साठवलेला पासवर्ड पुसा. नवा पासवर्ड कागदावर लिहून तो कागद घरातल्या दुसऱ्याकडे द्या. ताई, तुमच्यासाठी खास अडचण: अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमध्ये रोज २० मिनिटांची मर्यादा लावली तर ती मध्यरात्री नव्याने सुरू होते. म्हणजे पाळीच्या मध्यात, सगळ्यात कंटाळवाण्या वेळी, तुम्हाला ताजी २० मिनिटं मिळतात. त्यापेक्षा ते अ‍ॅप पूर्ण बंद बरं. ऑन-कॉलसाठी डू नॉट डिस्टर्बमध्ये फक्त त्या एक-दोन नंबरांना अपवाद द्या. धर्मग्रामाचा गट म्यूट करून दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी उघडा.

आणि रिकाम्या हाताला काम हवं, नाहीतर हात गेम शोधतो. मार्कचं शुभवर्तमान १६ अध्यायांचं आहे. ४० दिवसांत वाटलं तर रोज साधारण १७ वचनं, मोठ्याने वाचायला तीन-चार मिनिटं. छापील पुस्तकातून वाचा, फोनवरच्या बायबलमधून नको, तिथे वरून सूचना टपकतातच. शुक्रवारी बायबलमधली पश्चात्तापाची स्तोत्रं: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३०, १४३. उपवासकाळात शुक्रवार सात, स्तोत्रंही सात. शेवटची दोन-तीन आली की कळतं, १३० किती लहान आणि किती खोल आहे.

रात्रपाळीवाली

कागदाची युक्ती पटली. पण रविवारी सूट असते ना? मग रविवारी इन्स्टाग्राम उघडलं तर?

गिरीजकर

भस्म बुधवार ते ईस्टरच्या आदला शनिवार हे ४६ दिवस. त्यातले ६ रविवार वजा केले की ४० उरतात. रविवार उपासाचा नाही, म्हणून स्वतःहून सोडलेली गोष्ट त्या दिवशी घेतली तर काही मोडत नाही. पण चॉकलेटचा एक तुकडा खाऊन माणूस थांबतो, फोनचं तसं होत नाही. आणि पहिलाच रविवार १४ फेब्रुवारीचा आहे. त्या दिवशी इन्स्टाग्रामवर काय असणार ते सांगायला नको.

वाचलेल्या पैशांचंही आधी ठरवा. कॅन्टीनमध्ये रोजचे ६० रुपये वाचले तर ४० दिवसांचे २४०० होतात, पण ते खात्यात पडून राहिले की दानपेटीपर्यंत पोचत नाहीत, किराण्यात विरघळतात. पाकिटात रोख टाका, किंवा दर शनिवारी तेवढी रक्कम तिथल्या तिथे पाठवा.

रजेचं आजच बघा. गुड फ्रायडे २६ मार्चला. आपल्याकडे सुट्टी, पण अमेरिकेत ती केंद्रीय सुट्टी नाही, त्यामुळे रोस्टरमध्ये तुमचं नाव असणारच. गुरुवारी रात्रीची पाळी शुक्रवारात जाते, म्हणजे १ वाजताचा तोच हिशेब पुन्हा. दुपारी ३ची उपासना साधायची तर सकाळी घरी आल्यावर झोपायला जेमतेम सहा तास मिळतात. पुनरुत्थानाचा जागर (ईस्टरच्या आदल्या रात्रीची उपासना) शनिवारी अंधार पडल्यावरच सुरू होतो, आधी नाही. शनिवारची पाळी लागली असेल तर रजा त्या रात्रीची मागा, रविवारची नको.