कुशीवर वळताच घर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. मान, बीपी की कान?

खाजणकाठ: आई, वय ६२, राजापूर तालुका. पंधरा दिवस झाले, पहाटे उजव्या कुशीवर वळली की गरगरतं. वीस-तीस सेकंदांत थांबतं, मग तासभर मळमळ. झेल्याने आंबे काढताना वर बघितलं तेव्हाही तोल गेला. ऐकू नीट येतं, कानात आवाज नाही. बीपीची गोळी चालू आहे. एक्स-रेत मणके झिजलेले दिसले म्हणून मानेला पट्टा आणि बीटाहिस्टिन (चक्करची गोळी) दिलंय, फरक शून्य. रत्नागिरीला कुठल्या डॉक्टरांकडे न्यावं?

पागोळी: कान-नाक-घसा. या वयात मणक्यांची झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, चक्करचं खापर तिच्यावर फोडायची सवयच पडली आहे.

वर्णन बीपीपीव्हीचं, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच कानामुळे येणाऱ्या चक्करचं वाटतं. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत (बहुधा मागच्या) शिरले, की डोकं हलवल्यावर घरंगळतात आणि आतला द्रव ढकलतात. कण थांबले की चक्कर थांबते, म्हणून ती मिनिटाच्या आत संपते. मेनिएर या आतल्या कानाच्या आजारातली चक्कर २० मिनिटं ते १२ तास टिकते, सोबत ऐकू कमी येतं. तोलाची नस सुजली तर दिवसच्या दिवस.

आडवं असतानाच चक्कर येते, त्यामुळे बीपी उतरण्याचा संशय कमी. तरी मे महिन्याच्या घामात मोजलेलं बरं: पाच मिनिटं आडवं ठेवून, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगा.

तिठा: डिक्स-हॉलपाइक ही बीपीपीव्हीची तपासणी झाली का ते विचारा. डोकं ४५ अंश उजवीकडे वळवून झटकन उताणं निजवतात, डोकं खाटेच्या कडेखाली २० अंश. काही सेकंदांनी डोळे थरथरत फिरले तर बाजू पक्की. चक्कर दाबणाऱ्या गोळ्यांनी ही थरथर लपू शकते, तेव्हा तपासणीआधी कुठली थांबवायची ते विचारून घ्या. झटका आला की मोबाइलवर डोळ्यांचं चित्रीकरण करा, फार उपयोग होतो.

खाजणकाठ: निदान झालं तर एप्ली (डोकं ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढायची कृती) घरी करता येईल?

तिठा: पहिली वेळ डॉक्टरांसमोरच. उजव्या बाजूसाठी: वरच्यासारखं निजवा, चक्कर थांबेपर्यंत (३० ते ६० सेकंद) थांबा. डोकं ९० अंश डावीकडे, पुन्हा थांबा. मग डाव्या कुशीवर वळवून नाक जमिनीकडे, पुन्हा थांबा. हनुवटी खाली ठेवूनच बसवा. बिघडतं ते घाईमुळे, किंवा उशी खांद्यांऐवजी डोक्याखाली घेतल्यामुळे. आडव्या नलिकेत कण असतील तर एप्ली चालत नाही, कृती वेगळी.

पागोळी: जीभ जड होणं, एकाचं दोन दिसणं, तोंड वाकडं, चालताच न येणं, अचानक तीव्र डोकेदुखी, यातलं काही दिसलं तर कानाच्या डॉक्टरांची वाट न बघता थेट सीटी-एमआरआय असलेलं रुग्णालय गाठा. तोवर आईंना शिडी आणि विहिरीचा काठ वर्ज्य, झेला दुसऱ्याच्या हाती द्या.