मदत हवी आहे: जुन्या पल्प मासिकांचा कागद तुटतोय
नमस्कार मंडळी. इथे न्यू जर्सीत एका गराज सेलमध्ये ‘वियर्ड टेल्स’ या भय-अद्भुत कथांच्या अमेरिकन मासिकाचे १९३०च्या दशकातले सहा अंक मिळाले. घासाघीस न करता उचलले, हावरटपणाच म्हणा! आता पान उलटलं की कडेचा तपकिरी चुरा मांडीवर पडतो, भाजलेल्या पापडासारखा. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद, त्यातलं आम्लच त्याला खातं, एवढं कळलं. मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या) पिशव्या आणि आम्लरहित पुठ्ठे मागवलेत. पण एका अंकाच्या कण्यावर आधीच्या मालकाने सेलोटेप लावलीय, तिचा गोंद पिवळा पडून मुखपृष्ठात मुरलाय. ती काढू की राहू देऊ? आम्ल मारणारा फवारा कुणी घरी वापरलाय का? शाई फुटते का त्याने? तळघर दमट, म्हणून सध्या अंक बायकोच्या पैठण्यांशेजारी ठेवलेत. तिला अजून पत्ता नाही.