मदत हवी आहे: सोलापूरहून मुंबई-मँचेस्टर थेट विमान

इंडिगोने 1 जुलै 2025 ला सुरू केलेली मुंबई-मँचेस्टर थेट सेवा सोलापूरहून गाठायची आहे. विमान पहाटेचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस कामाची नाही, ती मुंबईत पोचेपर्यंत विमान गेलेलं असतं. मग आदल्या दिवशीची वंदे भारत, दादरला उतरून टर्मिनल 2, हे बरोबर ना?

की सोलापूर-मुंबई विमानच बरं? तिकिटं वेगळी काढली तर बॅगा मुंबईत घेऊन पुन्हा जमा कराव्या लागतात, आणि पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. मध्ये किती तास ठेवता?

शेंगाचटणी बॅगेत टाकतोय. पेढे, खवा मात्र ब्रिटनमध्ये चालत नाही, दूध येतं त्यात. चटणीचं तेल झिरपू नये म्हणून पॅकिंग कसं करता?