शब्दचर्चा: शत्रूला दाद दिली, की शत्रूपुढे मान तुकवली?

गोदाकाठ: दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल याच्यावरचा एक लेख मराठीत करतेय. जानेवारी १९४२मध्ये आफ्रिकेत रोमेल इंग्रजांना मागे रेटत होता आणि इकडे चर्चिलने भर संसदेत त्याला थोर सेनानी म्हटलं. मी लिहिलं, ‘चर्चिलने शत्रूच्या सेनापतीला दाद दिली.’ सासरे तोफखान्यातून निवृत्त, देवळाली कॅम्पात आयुष्य गेलेलं. वाचून म्हणाले, “म्हणजे शरण गेला?” नाशिकजवळच्या रामशेज किल्ल्याने मोगलांना दाद दिली नाही असं आपण म्हणतो, मग दाद दिली म्हणजे किल्ल्याच हवाली केल्या की! सोमवारी मजकूर द्यायचाय. सुचवा काहीतरी.

पेठरोड: सासरेबुवांचं बरोबर आहे. मैफलीतली दाद वेगळी, लढाईतली वेगळी. आमची आजी आशेवाडीची, रामशेजच्या पायथ्याची. ताप औषधाला दाद देईना, पोरगं बापाला दाद देईना, हे तिचं रोजचं. गडाचं सांगताना तर आवाजच चढायचा. १६८२ला वेढा पडला. शहाबुद्दीन खान झाला, बहादूरखान झाला, गड वर्षानुवर्षं हलला नाही. आतल्यांनी लाकडाच्या तोफा केल्या म्हणे. ‘दाद लागू दिली नाही’ हा शब्दप्रयोग तिथेच जन्मला असावा.

फडताळ: तिथे कसा जन्मेल? फारसीत दाद म्हणजे न्याय. दाद मागणे, दाद-फिर्याद आठवा. त्या हिशेबाने शत्रूला दाद देणं म्हणजे त्याचं जे माप आहे ते त्याच्या पदरात घालणं. चर्चिलने नेमकं तेच केलं. वाक्य ठेवा.

पेठरोड: मूळ अर्थ धरून कोण वाचतो हो? तसं तर ‘राजीनामा’ राजीखुशीचा हवा.

भगूरकर: पण फारसी शब्द हवाच कशाला? सावरकरांच्या गावचा माणूस आहे, बोलणारच. थेट शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश झाला तो उगाच? ‘गुणगौरव’ लिहा.

फडताळ: गुणगौरव दहावीच्या मुलांचा, हॉलमध्ये, नारळ देऊन. आणि भगूरकर, ‘गनिमी कावा’चं काय करणार? गनीम अरबी. मोगलांच्या बखरकारांनी मराठ्यांनाच गनीम म्हटलंय. शत्रूने चिकटवलेला शब्द आपण मिरवतो, आणि दाद चालत नाही!

मखमलाबाद नाका: सरळ ‘कौतुक केलं’ लिहा ना.

गोदाकाठ: लिहून बघितलं. कौतुक वरून खाली करतात, पोराने पहिला लाडू वळला की. शिवाय ‘त्याचं काय एवढं कौतुक’ असा वासही येतो. ज्याच्याकडून मार खातोय त्याचं कौतुक कसं करणार?

भगूरकर: मग ‘वाखाणलं’. व्याख्यानावरून आलाय, शुद्ध घरातला.

पेठरोड: वाखाणतात ते पुरणपोळीला. फौजी काय म्हणतात ते विचारा. माझा भाऊ फौजेत होता. १९९९ला टायगर हिलवर पाकिस्तानचा कॅप्टन कर्नल शेरखान पडला (कर्नल हे नावच, हुद्दा नव्हे). आपल्या ब्रिगेडियरने त्याचं शव परत पाठवताना खिशात चिठ्ठी ठेवली, की हा शौर्याने लढला. तिकडे त्याला निशान-ए-हैदर, त्यांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. ही गोष्ट सांगताना भाऊ एकच शब्द वापरतो: ‘मानलं.’ पुढे काही नाही.

गोदाकाठ: छान आहे! पण ‘चर्चिलने रोमेलला मानलं’ हे सासऱ्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “काय मानलं? थोरला भाऊ?”

फडताळ: ‘मानलं’ संवादातच शोभतं. कर्म जोडलं की नातं लागतं, हे खरं.

मखमलाबाद नाका: बाकी रोमेलला वाळवंटी कोल्हा म्हणतात ना? तेही तसंच मराठीत घेतलंत?

गोदाकाठ: हो. का?

मखमलाबाद नाका: आमच्या द्राक्षबागेत कोल्हा शिरला की कुणी थोर सेनानी म्हणत नाही. मराठीत कोल्हा लबाडच.

भगूरकर: ‘मरुव्याघ्र’ करा.

पेठरोड: वाघ कशाला त्यात? कोल्हा लबाड असेल, पण शिवारात शेवटी तोच टिकतो. आजी तर म्हणायची, कोल्हा दिसला की दिवस चांगला.

फडताळ: दिसला की नव्हे, डावीकडून आडवा गेला की.

पेठरोड: उजवीकडून.

गोदाकाठ: मंडळी, दाद राहिली बाजूला. आणि सासऱ्यांनी आता कोल्ह्याखालीही लाल रेघ मारलीय.