'उत्स्फूर्त' म्हणजे बिनतयारीचं?

शाईपेन
'उत्स्फूर्त भाषण म्हणजे तयारीशिवाय केलेलं भाषण.' एका वक्तृत्व स्पर्धेच्या नियमावलीत हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. 'स्फुर्' धातूत आतून उसळून येणं आहे. तयारी केली होती की नाही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बिनतयारीसाठी 'ऐनवेळचं', 'आयत्या वेळचं' हे चोख शब्द आहेतच की. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटी 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' असतं. तिथे 'उत्स्फूर्त विषय' लिहून बघा!

कोकणातलं दशावतार घ्या. लिखित संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं आणि संवाद उभ्या उभ्या रंगतात. पण त्या नटाच्या जिभेवर पुराणं असतात. त्याला बिनतयारीचा म्हणाल?

खडूफळा
असहमत. शब्दाचा अर्थ बोलणारे ठरवतात, धातू नाही. 'बंदला उत्स्फूर्त प्रतिसाद' वाचताना स्फुरण कुणाला आठवतं? आधी ठरवलेलं नव्हतं, एवढाच अर्थ लोक घेतात. स्पर्धेतही मूल चिठ्ठी उचलतं, विषय वाचतं आणि थोड्या वेळात बोलायला उभं राहतं. तयारीला वाव कुठे आहे?

शाईपेन
बंदचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. बंद आधी जाहीर झालेला असतो, दुकानदारांना तारीख माहीत असते, तरी प्रतिसाद उत्स्फूर्त असू शकतो. तिथे उत्स्फूर्तच्या उलट 'जबरदस्तीने' आहे, 'तयारीने' नाही. आणि विषय आधी ठाऊक नसणं वेगळं, तयारीच नसणं वेगळं. वर्षभर वाचणारं मूल त्या चिठ्ठीवर बोलतं, न वाचणारं अडखळतं.

वाटसरू
मला खटकतं ते वेगळंच. 'मी काही तयारी करून आलेलो नाही, उत्स्फूर्त बोलतो' म्हणून वक्ते अर्धा तास भरकटतात. त्याला मराठीत अघळपघळ म्हणतात. ख्यालात गवई उपज करतो, म्हणजे गाता गाता नवं रचतो, ती उत्स्फूर्त, कारण रागाची चौकट त्याच्या गळ्यात मुरलेली असते. जागच्या जागी सुचलेल्या नेमक्या उत्तराला 'समयस्फूर्त' हाही सुंदर शब्द आहे, तो का टाकून द्यायचा?

खडूफळा
बंदचा मुद्दा मान्य. पण आठवीतल्या मुलाला नियम समजायला हवा. 'तयारीशिवाय' काढून तिथे काय लिहू?

शाईपेन
'विषय ऐनवेळी दिला जाईल.'

खडूफळा
हे चालेल. स्पर्धेचं नाव मात्र 'उत्स्फूर्त वक्तृत्व'च राहील. शाळाशाळांतून ते रुळलंय आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.